एकच सेल पेटला पाहिजे

श्वासयंत्राची बॅटरी अख्खी टीम मिळून बनवत होती, पण ती पेटली की सगळे टीममधल्या एका इंजिनिअर बाईकडेच बघायचे. बॅटरीचा आराखडा तिचा. मागच्या चाचणीत मुद्दाम एक सेल तापवून फोडला, तर शेजारचे सगळे एकामागून एक पेटत गेले. आणि हे यंत्र रुग्णाने मांडीवर घेऊन गाडीतून फिरायचं होतं.

घरी तिने धाकट्या नणंदेला सगळं सांगितलं. नणंद नर्स, अशी यंत्रं रोज हाताळणारी. सेलच्या मध्ये अभ्रकाचे पातळ पत्रे घातले तर आग अडेल, पण मग डब्यात सेल कमी मावतील आणि बॅटरी लवकर संपेल, हे ऐकून नणंद कपड्यांच्या घड्या घालायची थांबली.

"वहिनी, संपत आली की यंत्र ओरडतं, मी दुसरी लावते. पेटली तर काय करू?"

दुसऱ्याच दिवशी तिने सेल कमी केले. विक्रीवाल्यांनी नाकं मुरडली, पण ती हटली नाही. पत्रे घातले, धुराला बाहेर पडायला वाट ठेवली, प्रत्येक सेलला वेगळा फ्यूज दिला. बिघडेल तो एकटाच बाजूला पडावा.

चाचणीच्या दिवशी जाड काचेपलीकडे बॅटरी, यंत्र आणि त्याला जोडलेलं रबरी फुप्फुस होतं. साहेब हाताची घडी घालून उभे. ते कधीच उत्तेजित होत नसत, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'थंडोबा' म्हणत.

सेल तापला आणि फुटला. धुराने काच झाकली. पडद्यावर शेजारच्या सेलचं तापमान चढत गेलं, मग अडखळलं, मग चक्क उतरू लागलं.

कुणीतरी टाळी वाजवली. थंडोबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "ऐका," ते म्हणाले.

आतल्या माइकमधून सुस्कारे येत होते. धूर विरला तेव्हा दिसलं, रबरी फुप्फुस फुगत होतं, बसत होतं. उरलेल्या सेलवर यंत्र चालूच होतं. एवढी आशा तर तिनेही धरली नव्हती. थंडोबांनी आनंदाने टेबलावर मूठ आपटली आणि चहा सांडवला.

तिने धावत बाहेर येऊन नणंदेला फोन लावला. बोलताना शब्द एकमेकांवर आदळत होते. बॅटरी वॉर्डात कधी येणार, नणंदेने विचारलं. अजून उंचावरून पाडून बघायची आहे, पाण्यात बुडवायची आहे, ती म्हणाली.

"मग पाडा की पटकन," नणंद म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.