अकरा नंबरचा नमुना

“हा अकरा नंबर काढून टाका, ताई,” सर म्हणाले. “सगळ्या आलेखाची वाट लावतोय.”

ताईंनी प्लेट उजेडात धरली. एकेका गाभण उंदीर-मादीच्या रक्ताचा नमुना दोन-दोन खळग्यांत होता. रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन जितकं जास्त, तितका पिवळा रंग गडद. बाकीचे खळगे पिवळेधमक, अकराचे दोन्ही जवळजवळ पाण्यासारखे.

“थेंब टाकताना तुमचा हात चुकला असेल.”

एकवीस वर्षांपूर्वी त्या या प्रयोगशाळेत लागल्या तेव्हा त्यांना या प्रथिनाचं नावही धड घेता येत नव्हतं. आता उंदीर हातात कसा धरायचा इथपासून नव्यांना त्याच शिकवत.

“चुकला असेल तर मीच निस्तरते. पुन्हा मोजते,” त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत पुन्हा मोजलं. रंग तसाच. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि पुढे सही केली. सरांनी नाक मुरडलं, पण खोडलं नाही.

हातमोजे काढतात न काढतात तोच मुलाचा फोन आला. सुनेला सातवा महिना लागला होता आणि दोघं तपासणीला गेली होती.

“आई, बाळाची वाढ थांबलीय म्हणतात. वारेतल्या रक्तवाहिन्या नीट वाढल्याच नाहीत. हिला ठेवून घेतलंय. तू ये ना.”

हे वाक्य ताईंनी हजारदा ऐकलं होतं, पण उंदरांबद्दल.

दवाखान्यात सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताईंचा आवाज ऐकून ती वळली.

“आई, तुम्हाला यातलं कळतं. खरं सांगा, माझंच काही चुकलं का? जिने चढले, दोनदा जेवण टाकलं...”

‘होईल सगळं ठीक’ हे जिभेवर आलेलं ताईंनी गिळलं. तिच्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या, “आमच्याकडे बारा माद्या आहेत. खोली एक, खाणं एका पोत्यातलं, पाणी एका नळाचं. अकराजणींचं सुरळीत चाललंय आणि एकीचं नाही. ती कुठे गं जिने चढायला गेली होती?”

सुनेला हसू फुटलं आणि हसता हसताच ती हमसून रडायला लागली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “मग आपलं बाळ?”

“ते मला नाही गं मोजता येत.”

चौथ्या दिवशी सकाळी बाळाचे ठोके थांबले. मुलगी होती. मुलाने तिला दोन्ही हातांवर घेतलं; एकावरही मावली असती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून सुनेची हाक आली. ताई धावल्या. तिचा गाऊन पुढून ओलाचिंब झाला होता. दूध आलं होतं.

“आई, याला कुणी कळवलंच नाही का हो?” छातीकडे बघत ती म्हणाली.

ताईंनी कपाटातली मऊ चादर काढली, उभी फाडली आणि तिच्या छातीभोवती पट्टा गुंडाळायला घेतला.

“घट्ट होतंय का?”

“नाही. अजून आवळा.”

ताईंनी आवळून गाठ मारली. बाहेरच्या खोलीत मुलगा पाळणा सुटा करत होता. एकेक स्क्रू वाटीत पडल्याचा आवाज येत होता.