चांगुणाबाईंची नातीगोती

दिघ्याच्या येलवे गुरुजींनी आजवर चारशेच्या वर शोकसभा केल्या असतील. गुरुजी म्हणजे शाळेतले नव्हेत. शिवराम येलवे हे बौद्धाचार्य, विहाराच्या मागच्या चाळीत राहणारे. लग्न असो, नामकरण असो, मयत असो, पांढरा सदरा चढवून गुरुजी हजर. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे तेही तेच बोलत. फक्त त्यांचा एक हट्ट होता, खोटं बोलायचं नाही. दारू पिऊन गेलेल्याला ते 'मनमिळाऊ' म्हणायचे नाहीत. 'तब्येतीची हेळसांड झाली' म्हणायचे आणि खाली बसायचे. घरच्यांना राग यायचा, पण पुढच्या खेपेला बोलावणं त्यांनाच जायचं.

आणि अशा माणसाची बायको दिवसाढवळ्या खोटं बोलायची, बोला आता!

चांगुणाबाईंचं खोटं एकाच ठिकाणी चालायचं, महापालिकेच्या दवाखान्यात. सुरुवात शेजारच्या खोलीतल्या बाईच्या बाळंतपणापासून झाली. तिचा नवरा कंपनीत ड्युटीवर, सासर-माहेर दोन्ही पार बिहारात, आणि कागदावर सही करायला कोणी नाही. चांगुणाबाईंनी 'नाते' ह्या रकान्यात 'सासू' लिहिलं आणि मोकळ्या झाल्या. मग काय, वाटच सापडली. मशीनमध्ये बोट गेलेल्याची आई, टीबीवाल्याची मावशी, परांचीवरून पडलेल्या रंगाऱ्याची आत्या. दिघ्यात नवा कामगार आला की जुने त्याला सांगायचे, पाणी किती वाजता येतं, मेस कुठली बरी, आणि काही झालंच तर हा घे मावशीचा नंबर. नुसती सही करून त्या घरी येत नसत. पेशंट उठून चालायला लागेपर्यंत उशाशी बसायच्या, घरून पेज न्यायच्या, त्याच्या गावी फोन लावून द्यायच्या.

"खरं सांगत जा ना, शेजारीण आहे म्हणून," गुरुजी म्हणायचे.

"शेजारणीची सही चालत नाय, अहो."

ह्यावर गुरुजी जास्तच चिडायचे.

आठ वर्षांपूर्वी महिला मंडळाची अध्यक्ष निवडायची होती. सगळ्या बायकांनी एका आवाजात चांगुणाबाईंचं नाव घेतलं, आणि विरोध करायला उठला कोण, तर खुद्द नवरा. "जी बाई रोज खोटं बोलते, तिच्या मागून तुमी पंचशील म्हणणार?" भरल्या हॉलमध्ये, बरं का. चांगुणाबाई उठल्या, चपला पायात सरकवल्या, घरी गेल्या आणि त्यांनी बोंबलाचं कालवण केलं. त्यावरून त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही की पुढं कधी नाही. फक्त दुसऱ्या सकाळपासून वंदना म्हणताना चौथं शील आलं, असत्य बोलणार नाही हे, की त्या गप्प राहू लागल्या. तीन म्हणायच्या, थांबायच्या, मग पाचवं म्हणायच्या. बुद्धासमोर तरी फसवाफसवी नको, असं त्यांच्या मनात असेल. दवाखाना मात्र सुटला नाही.

बारा दिवसांपूर्वी त्या गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला सहीला न बोलावता.

रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये जलदान विधी आणि शोकसभा ठेवली होती. विधीला ऐरोलीहून रावसाहेब नावाचे दुसरे बौद्धाचार्य आले होते. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या भिंतीला कंपन्यांतले कामगार उभे होते, बिहारी, ओडिया, मराठवाड्याकडचे.

"हे सगळे कोण?" रावसाहेबांनी हळूच विचारलं.

"आईचे नातेवाईक," गुरुजींचा मुलगा आकाश म्हणाला.

शेवटचं भाषण गुरुजींचं होतं, आणि गुरुजींना घाम फुटला होता. बायको पंचशील पाळायची म्हणावं, तर ते खोटं. पाळत नव्हती म्हणावं, तर तिच्या फोटोसमोर तिचा दुसऱ्यांदा पाणउतारा. परक्या चारशे माणसांवर बोललेल्या ह्या गड्याला बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर एक वाक्य जमेना. पहाटेपासून त्यांनी चार कागद फाडले होते. आज तिच्याबद्दल काय बोलायचं, एवढा एकच घोर त्यांना लागला होता.

बायका बोलत असतानाच गुरुजींची मुलगी मैत्री हिच्या पर्समध्ये आईचा फोन वाजला. दवाखान्यातली सिस्टर होती. श्यामसुंदर नावाच्या कामगाराचा हात कंपनीत प्रेस मशीनमध्ये सापडलाय, जवळचं माणूस म्हणून त्यानं हा नंबर दिलाय, मावशींना ताबडतोब पाठवा.

मैत्रीनं फोन तसाच गुरुजींपुढे धरला. गुरुजींनी फोन घेतला आणि "येतो" म्हणाले.

"पप्पा, आज?" आकाश भडकलाच. "लोक काय म्हणतील? तुमचं भाषण आहे."

"भाषण जमलेलं नाय मला. रावसाहेबांना सांग, बाकीच्यांचं चालू द्या."

खरं सांगायचं तर गुरुजींना पळायला निमित्त मिळालं होतं. रिक्षात बसल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात सिस्टरनं फॉर्म पुढं सरकवला. "मावशी नाय आल्या? बरं, तुमी कोण पेशंटचे?"

"मी कोणी नाही त्याचा," गुरुजी म्हणाले. खरं तेच बोलले.

"मग नाय चालणार, काका. घरचं माणूस पायजे. त्याचा भाऊ गावावरनं निघालाय, पण परवा पोचणार."

"आणि तोवर?"

"डॉक्टर म्हणतात, आत्ता आत घेतला तर तीन बोटं वाचतील."

गुरुजी बाकावर जाऊन बसले. ह्याच बाकावर ती पंधरा वर्षं कुणाकुणासाठी बसली असेल, आणि आपण एकदासुद्धा तिला डबा घेऊन आलो नाही. आलो तर नाहीच, वर घरी गेल्यावर प्रवचन दिलं. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. ते उठले आणि परत खिडकीशी गेले.

"चुलता आहे मी त्याचा."

"मग मघाशी का नाय सांगितलं?"

"बोलणं नव्हतं आमचं. भाऊबंदकी."

एका खोट्यामागून दुसरं येतं, हे गुरुजींनी किती सभांमधून सांगितलं असेल! इतक्या चटकन येतं, हे मात्र त्यांना आज कळलं. सिस्टरनं कागदावरची दोन आडनावं पाहिली, गुरुजींकडे पाहिलं, आणि सहीची जागा दाखवली.

श्यामसुंदरला स्ट्रेचरवर आणलं. चांगला तिशीचा, मिशीवाला गडी, पण भीतीनं पांढराफटक पडला होता. त्याची नजर गुरुजींच्या मागं दाराकडे लागली होती.

"मौसी नहीं आयी?"

गुरुजींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "घर पे है. तेरे वास्ते पेज बना रही है. तू अंदर जाके आ, तब तक लेके आती है."

श्यामसुंदरनं मान हलवली, डोळे मिटले. स्ट्रेचर आत गेलं. बारा दिवस न आलेलं रडू गुरुजींना तिथं आलं, आणि त्यांनी ते अडवलं नाही. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

मग आकाशचा फोन आला. "पप्पा, सगळ्यांचं बोलून झालं. माणसं तुमच्यासाठी थांबलीत. काय सांगू?"

"फोन माईकला लाव."

"पप्पा..."

"लाव म्हणतो ना!"

खरखर झाली, मग हॉलमधली कुजबुज ऐकू आली आणि थांबली. गुरुजींनी घसा साफ केला.

"मी शिवराम येलवे बोलतोय, दवाखान्यातून. चांगुणा खोटं बोलायची, हे मी तुमच्यासमोर एकदा सांगितलंय. आज मीही बोललो. तीनदा बोललो. तिच्या जागी उभं राहिल्यावर दुसरं काही बोलता येत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्या दिवशी भर सभेत मी तिला जे बोललो ते चूक होतं. माफी तिची मागायला हवी होती, पण ती ऐकायला ती नाही. म्हणून तुमच्यासमोर मागतो."

पलीकडे कोणी काय म्हणालं ते त्यांना ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि आतून सिस्टरनं हाक मारली, "श्यामसुंदरच्या घरचं कोण आहे?"

"मी आहे," गुरुजी म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून दाराकडे गेले.