कोणी चढवलं तुला?

झाडाच्या सालीचा एवढासा तुकडा, नखाएवढा, सोनलच्या सँडलच्या पट्ट्यात अडकलेला... दिपमालाने तो ओढून काढला, फेकायचा म्हणून हात उचलला, पण फेकला नाही, नाकाजवळ नेला. वास असा काही नव्हताच, नुसती ऊन लागलेली धूळ. तरी तिने पुन्हा एकदा हुंगून पाहिलं, आणि मग आपल्याकडे कोणी बघत तर नाही ना म्हणून इकडेतिकडे नजर टाकली.

जानेवारीतला रविवार. जळगावातल्या त्यांच्या कॉलनीच्या ज्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या वर्षापर्यंत लोक घरातला राडारोडा आणून टाकायचे, तिथं आता मुलांसाठी रानातल्यासारखं खेळायचं मैदान झालं होतं. घसरगुंडी नाही, लोखंडी झोका नाही. वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके, काळ्या मातीचा ढीग, बांबूचा बोगदा, पाणी सोडून केलेला चिखलाचा खड्डा, आणि मधोमध जुना निंब — त्याच्या आडव्या फांदीपासून जमिनीपर्यंत सोडलेली दोरांची जाळी. हे सगळं उभं केलं होतं जीवराम नानांनी, शेतकी शाळेतून निवृत्त झालेल्या. फाटकाशी त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती : ‘मुलं चढतील. मुलं उतरतील. मोठ्यांनी बाकावर बसावं.’

दिपमाला बाकावर बसली होती. मांडीवर नऊ वर्षांच्या सोनलचे सँडल, पायाशी पाच वर्षांच्या पिंटूचे बूट. पिंटू कमरेपर्यंत चिखलात. त्याचे वडील, भूषण, धुळ्याला ड्यूटीवर होते. असते तर म्हणाले असते, अगं, इन्फेक्शन होईल. आणि लॅबमध्ये दिवसभर इन्फेक्शनच बघणाऱ्या आपल्याला मात्र हे पोटऱ्यांवरून ओघळणारं काळं पाणी बघून इतकं निवांत का वाटावं...

कारण असंच काळं पाणी केळीच्या बागेतून वाहायचं. रावेरच्या पुढे, सातपुडा निळा दिसायला लागतो तिथलं तिच्या माहेरचं शेत. बाहेर ऊन कडकडत असायचं आणि बागेत शिरलं की गार, ओलं, पानांची फडफड, आणि पुढे चालणारी बिजली. खाज्याची बिजली. खाज्या म्हणजे तिच्या वडिलांचा, आबांचा, वर्षाच्या बोलीवरचा सालदार, डोंगरातल्या पाड्यावरून आलेला, विहिरीजवळच्या खोपटात राहणारा. बिजली दिपमालाहून वर्षाने मोठी. दिपमालाला आखूड झालेले फ्रॉक तिला व्हायचे — वयाने मोठी आणि अंगाने लहान, याचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. चढायला तिनेच शिकवलं. गुडघे घासत नाही चढायचं, पायाच्या बोटांनी चढायचं. “पायानं आधी फांदीले इचार,” ती म्हणायची, “मंग जाय.” आणि मी विचारायचे. अगदी खरोखर, मनातल्या मनात, येऊ का, येऊ का, असं म्हणत... बांधावरच्या रायवळ आंब्यावर आम्ही दोघी बसलो की खाली सगळं हिरवं पाणी झालेलं असायचं, आणि लांबून आईची हाक यायची, आणि आम्ही ओ द्यायचो नाही.

“आई!”

हाक वरून आली. दिपमालाने मान वर केली. जाळी रिकामी लोंबत होती. सोनल जाळी सोडून फांदीवर गेली होती, फांदीवरून वरच्या फांदीवर, आणि आता खोडाला एक हात लावून उभी होती, चिमण्यांनी बसावं इतक्या सहजपणे. तिच्या खालच्या फांदीवर आणखी एक मुलगी — शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनची मोनाली, अनवाणी, ढगळ स्वेटरमधली.

सँडल मांडीवरून कधी पडले कळलंच नाही. ती झाडाखाली धावली.

“सोनल! खाली ये! आधी खाली ये!”

“ताई,” जीवराम नाना मागून हळूच म्हणाले, “ओरडू नका. ओरडलं की पोर खाली बघतं.”

ती दोन्ही हात वर करून उभी राहिली, जणू एवढ्या उंचीवरून पडलेलं मूल या हातांत झेलता येतं. उजवा हात पुरता सरळ होत नव्हता. कोपरात तो कायमच थोडा वाकलेला राहिला होता. सोनल मात्र सावकाश, पाय चाचपत, जाळीवर आली आणि सरसर उतरली. मागून मोनाली. दिपमालाने सोनलचा दंड धरला आणि तिच्या तोंडून शब्द निघाले —

“कोणी चढवलं तुला?”

शब्दांच्या आधी नजर गेली होती. सोनलकडे नाही, मोनालीकडे. आणि मोनाली एक पाऊल मागे सरली होती. काही न केलेलं मूल असं मागे सरतं, तेव्हा ती नजर त्याच्या ओळखीची झालेली असते.

...कोनं चढवलं तुले? आईचा आवाज. आंब्याखाली धुरळ्यात पडलेली मी, हात कोपरातून भलतीकडे वळलेला, तोंडात माती. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, चार दिवस होते. निंबांना झोके बांधायला सुरुवात झाली होती. बिजली सांगत होती, नको जाऊ व दिपा, ते फांदी सडेल हाये. आणि मला ती कैरी हवीच होती, आणि मी विचारलं नाही फांदीला. कोनं चढवलं? बिजली माझ्याजवळ बसलेली, माझ्या केसांतला पाला काढत होती. तिचे हात केसांत असतानाच मी म्हणाले, हिने. तेवढंच. दुखत होतं म्हणून म्हणाले, भीती वाटली म्हणून म्हणाले — पण आईच्या प्रश्नात उत्तर आधीच होतं, मी फक्त बोट दाखवलं. आखाजीला सालदारांचं साल संपतं. दरवर्षी आबा खाज्याला ठेवून घ्यायचे. त्या वर्षी नाही ठेवलं. मी प्लास्टरमध्ये हात घेऊन ओट्यावर बसले होते, तेव्हा ते गेले. बिजलीच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं. तिने वळून बघितलं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. कधी आठवतं की बघितलं, कधी...

“कोणी म्हणजे?” सोनल म्हणत होती. तिला राग आला होता, आपली वस्तू दुसऱ्याच्या नावावर लावल्यासारखा. “मीच चढले. एकटी. मोनाली नंतर आली.”

दिपमालाने दंड सोडला. त्यावर तिच्या बोटांच्या चार पांढऱ्या खुणा उमटल्या होत्या. तिने मोनालीकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि इतक्या लहान मुलीची माफी कोणत्या शब्दांत मागतात हे तिला येत नव्हतं.

“तू पण छान चढतेस,” ती म्हणाली.

मोनालीने मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी नाही, सुटल्यासारखी. आणि बोगद्याकडे पळाली.

सोनल रुसून बाकावर येऊन बसली. थोड्या वेळाने रुसवा विसरली.

“आई, तू कधी चढली होतीस झाडावर?”

“हो. आमच्या शेतात आंबा होता. मी आणि माझी...”

इथं शब्द अडला. माहेरी आजवर कधी विषय निघाला तर ‘खाज्याची पोरगी’ म्हणायचे सगळे, तीही म्हणायची.

“मैत्रीण,” दिपमाला म्हणाली. “बिजली.”

“ती पडली का?”

“नाही. मी पडले.”

“तिने ढकललं?”

“नाही गं. माझी मीच पडले. ती नको म्हणत होती.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. एवढं सोपं वाक्य, आणि ऐकायला कोण, तर नऊ वर्षांची पोर, जिचं अर्धं लक्ष जाळीकडे होतं. “मग ती आता कुठे असते?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठून गेली.

दिपमाला बसून राहिली. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तिला वाटलं नाही. तिच्या मनात बिजली नेहमी दहा-अकरा वर्षांचीच होती, तोच आखूड झालेला फ्रॉक, तेच गाठोडं — आणि आता, या उन्हात, एकाएकी ती वाढायला लागली. बेचाळीस वर्षांची झाली. केस पिकायला लागलेली, कोणाची तरी आई, कदाचित आजीसुद्धा, डोंगराच्या कुठल्यातरी कुशीत या क्षणी काहीतरी करत असलेली बाई. तिला सगळं आठवत असेल, किंवा काहीच आठवत नसेल, आणि यांतलं अधिक कठीण काय, हे दिपमालाला ठरवता येईना.