मुंग्यांनी पसंत केलेली फुलं

शाळा सुटल्यावर पोरं सांभाळायच्या त्या खोलीत हस्तकलेचा तास म्हणजे ताईचा जीव की प्राण. मोठ्या बाईंच्या मात्र तो डोळ्यात खुपायचा. "आज पालक थांबून बघतात का पाहू," त्यांनी बजावलं होतं. "नुसती पोरं घेऊन पळाले, तर सोमवारपासून या तासाला पाढे!"

आणि पालक थांबणार? छे! दारातूनच दप्तर ओढायचं, म्हणजे दप्तराला लटकलेलं पोर आपोआप बाहेर येतं, ही त्यांची रीत.

तरी ताई हट्टाला पेटली. वसंत आला होता. बाईंनी दिलेले दुकानातले तयार गुलाब तिनं कपाटावर टाकले आणि पोरांना इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेलं. तोडायचं नाही, पालथं पडून बघायचं. इथल्याच मातीत आपणहून उगवलेली, कुणी ढुंकूनही न बघितलेली फुलं! एक निळं, नखाएवढं. एक पिवळं, केसाळ देठाचं. परत येऊन पोरांनी कागद कातरले, चुरगळले, रंगवले आणि भिंतभर रान उभं केलं. चिकटवायला ताईनं घरून मैद्याची खळ शिजवून आणली होती.

घोळ झाला तो तिथंच. खळ रटरटत असताना ताई फोन घ्यायला गेली आणि सासूबाईंनी खीर समजून ती चमच्यानं चाखली. "साखर विसरली वाटतं पोर," म्हणत मायेनं दोन मुठी साखर घातली. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही!

पालक यायच्या वेळेला खिडकीतून मुंग्यांची रांग थेट निळ्या फुलांवर.

"अगं बाई, हे काय!" मोठ्या बाई फवारा घेऊन धावल्या. ताईनं खळीचं बोट जिभेला लावलं, तर गोड! तिला सासूबाई आठवल्या. झालं! गेला आपला तास.

तेवढ्यात पहिलीतली चिमणी भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. "फवारायचं नाही! मुंग्यांना आपली फुलं खरी वाटली!"

"खरी वाटली! खरी वाटली!" पोरांनी खोली डोक्यावर घेतली.

दप्तर ओढायला वाकलेले बाप तसेच वाकून राहिले. "काय झालं, काय झालं," करत आया आत घुसल्या. चिमणीचा सदा घाईत असलेला बाबा भिंतीला नाक लावून म्हणाला, "हे निळं आपल्या जिन्यापाशी उगवतं की! मी रोज तुडवत जातो."

"मग उद्यापासून उडी मारायची," चिमणीनं फर्मावलं.

एका आईनं तर बूट काढून फतकल मारली आणि कात्री मागितली. बघता बघता पाय ठेवायला जागा उरली नाही.

"अहो, पण पाढे..." बाई पुटपुटल्या.

"पाढे आम्ही घरी घेऊ, बाई," ती आई मान वर न करता म्हणाली. "हे घरी कोण करणार?"

बाईंनी फवारा खाली ठेवला. "ताई, टेबल कमी पडतंय तुला. माझ्या खोलीतलं आण."

ताई आभार मानायलाही थांबली नाही. चार पोरं घेऊन ती "जिंकलो रे!" ओरडत टेबल आणायला धावली.