सागाखाली रोवलेली लाल खूण

मी तुमच्या फोनमधल्या नकाशावरची लाल खूण बोलतेय. हो, तीच, जिच्या भरवशावर शहाणीसुरती माणसं गाड्या घेऊन डोंगर चढतात. मला ना वजन, ना सावली. पण हल्ली समोर जिवंत माणूस उभा असला तरी वाट मलाच विचारतात. अजब जात!

माझा जन्म सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. तिथल्या रूपलीबाईने घरातल्या दोन खोल्या पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी सारवून घेतल्या. कारण एकच. दिवाळी झाली की तिचा मुलगा भरत आणि सून आशा ऊस तोडायला गुजरातेत जात, पोरीलाही नेत, आणि पोरीची शाळा बुडे.

"यंदा पाहुणे येतील. माझी माणसं कुठं जायची नाहीत," तिने मुकादम उदेसिंगला तोंडावर सांगितलं.

तो हसला. "आठ दिवसांनी ट्रक आणतो. तोवर दाखव तुझे पाहुणे!"

मला नकाशावर रोवलं आशाने. पण पाड्यात रेंज नाही. रेंज येते टेकडीवर, सागाच्या झाडाखाली. फोन करायला सगळा पाडा तिथेच चढतो. आशाही चढली. फोनने विचारलं, 'तुम्ही आता उभे आहात, तेच ठिकाण का?' ती खोटं कशाला बोलेल? दाबलं 'हो'. बसले मी सागाखाली!

पहिले पाहुणे धापा टाकत माझ्यापर्यंत आले. घर दिसेना. रेंज मात्र होती, म्हणून उभ्या उभ्या लिहून मोकळे झाले: 'घर नाही, झाड आहे. एक तारा.'

आशाने दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, 'तपासणी सुरू आहे.' चार दिवस तेच. आशा रडकुंडीला आली.

"खूण खाली येत नाही ना?" रूपलीबाई कडाडली. "मग चूल वर नेऊ. रडतेस काय, तवा उचल!"

पाचव्या दिवशी शहाद्याचा चुनीलाल बायकोपोरांसह वर आला.

"ओ मावशी, आठे ते काहीच नई शे! घर कोठे शे?"

"घर खाली आहे. तू आधी बस. भाकर गरम आहे." तिच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च.

ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, आमचूर घातलेली चटणी आणि समोर अख्खी दरी. वाटभर कटकट करणारी चुनीलालची बायको आता दुसरी भाकर मागत होती. चुनीलालने तिथूनच फोटो धाडले. रेंज होतीच! पाच तारे.

मग फोन थांबेनात. आठव्या दिवशी खाली ट्रकचा हॉर्न वाजला, तेव्हा भरत पाहुण्यांच्या बॅगा वाहत होता.

"उदेसिंग, पुढं जा!" रूपलीबाई वरून ओरडली. "नाहीतर ये, भाकर खा. पण तारे पाच दे!"

गेल्या महिन्यात गंमत झाली. तपासणी संपली आणि मला उचलून घरावर आणून ठेवलं. पाहुणे घरी, तिथे नुसत्या कोंबड्या, यजमानीण टेकडीवर! आशा पुन्हा सागाखाली गेली. फोनने तेच विचारलं. तिने पुन्हा 'हो' दाबलं, या वेळी हसत.

आता मी इथेच आहे. याल तेव्हा चढ लागला म्हणून तारे कापू नका. खाली आशाची पोर यंदा पहिल्यांदाच शाळेत अख्खं वर्ष बसतेय. या, जेवा, आणि पुढची वाट मला नको, रूपलीबाईला विचारा.