त्याला तास, मला किलोमीटर

माझा नवरा दोन वर्षं त्या शहरात नोकरीला होता, तेव्हा ते शहर जवळ होतं. विमानाने पावणेदोन तास. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "अहो, इथून बाजारात जाऊन यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो." तो महिन्या-दोन महिन्यांनी उगवायचा, मळके कपडे टाकायचा आणि जायचा. पोरीचा ताप, शाळा, गच्चीवरची गळकी टाकी, सगळं माझ्या गळ्यात. मी चकार शब्द काढला नाही.

आता तो परत आलाय, आणि त्याच शहरातल्या नव्या इस्पितळाने मला रक्तपेढीची प्रमुख म्हणून बोलावलंय. इथे रक्ताच्या पिशव्या तपासून तपासून माझी उमेद चालली, प्रमुखपण काही माझ्या वाट्याला येत नाही. दोन वर्षांचा करार. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आणि एवढ्यात ते शहर बाराशे किलोमीटरवर गेलं की हो.

"बाराशे किलोमीटर," चुलतसासरे म्हणाले. नवऱ्याने त्यांना खास माझी समजूत घालायला बोलावलं होतं. स्वतःच्या तोंडाला काय झालं होतं कोण जाणे. "रस्त्याने दोन दिवस, सूनबाई. गंमत आहे का?"

"रस्त्याने कोण जातंय, काका? याला विमान होतं, मी काय चालत जाऊ?"

"तसं नाही गं," नवरा म्हणाला. "पोरीला कोण बघणार?"

"बाप."

त्याने चहाच्या कपात तोंड खुपसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "त्याला तास आणि मला किलोमीटर, हा कुठला न्याय? माप एकच धरा. लांब असेल तर तेव्हाही लांब होतं, आणि मी ते निभावलं. जवळ असेल तर मी निघाले."

काकांनी मग हुकमाचं पान काढलं. "तुझ्या सासूबाईंचं माहेर त्याच शहरात. त्यांची आई गेली तेव्हासुद्धा त्या गेल्या नाहीत. दादा म्हणाला, दोन दिवसांचा रस्ता, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. वहिनींनी ऐकलं. कुरकुर नाही की काही नाही. याला म्हणतात घर सांभाळणं."

सासूबाई दाराशी भाजी निवडत बसल्या होत्या. सकाळपासून त्याही काकांचीच री ओढत होत्या. आता त्यांचे हात थांबले.

"भाऊजी, तेव्हा विमान नव्हतं का?"

काका गडबडले. "होतं. पण त्या काळी आपल्यासारखी माणसं..."

"तुमचे दादा तिकडे विमानानेच जायचे."

"ते कामासाठी, वहिनी."

"पहाटे गेली ती. संध्याकाळी नेलं. माझा भाऊ दिवसभर माझ्यासाठी थांबला होता. मी इथे तुमच्या सगळ्यांचा स्वयंपाक करत होते."

सासूबाईंनी भाजी बाजूला सारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लाव फोन इस्पितळाला. इथेच, सगळ्यांदेखत."

लावला. येते म्हणून सांगितलं.

"आणि तिकिटं दोन काढ," सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या.

"आई, तू कशाला? पोरीला..."

"पोरीला तू आहेस. मी भावाकडे जाऊन येते. तो विचारेल, तेव्हा का आली नाहीस. त्याला काय सांगायचं ते तेवढं भाऊजींनी मला आत्ता सांगावं."