अडीच वीत

कडी आतून होती. पितळेची वगैरे नव्हे, साध्या लोखंडाची, बोटभर लांब, वापरून वापरून मधोमध गुळगुळीत झालेली. यशोधराने ती सरकवली, पुन्हा मागे ओढली, पुन्हा सरकवली. बाहेर गेणभाऊ तिच्या नवऱ्याला, जयवंतला, टायरांचं, जोडणीच्या हुकाचं, गंजाचं काहीबाही सांगत होता, ते पत्र्यातून तिच्या कानावर पडत होतं, पण मन कडीपाशीच घोटाळत राहिलं. आतून लावायची कडी... गेल्या सात वर्षांत तिने आतून लावली ती फक्त न्हाणीघराची.

आळेफाट्यावर गेणभाऊचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचा तो. कालव्याच्या कामावरचा कुणी ठेकेदार काम आटोपून गेला, तेव्हा त्याच्या साहेबलोकांच्या राहायच्या, चाकांवरच्या दोन पत्र्याच्या खोल्या गेणभाऊने उचलून आणल्या होत्या. जीपच्या मागे जोडायच्या आणि न्यायच्या तिकडे न्यायच्या. जयवंत त्यांना ट्रेलर म्हणे. गाव म्हणे जयवंताचं खोकं. सून कल्याणी तोंडाला पदर लावून म्हणे, पप्पांचं फिरतं घर. दोनांतलं एक आज ठरवायचं होतं, आणि ठरवायला त्याने तिला सोबत आणलं होतं, हेच मुळी नवल होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात पंखा, टीव्ही, जीप, अगदी तिच्या चपलासुद्धा त्यानेच पसंत केलेल्या.

त्याचं हे खूळ तसं जुनं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर तो इलेक्ट्रिशियन होता, या मार्चमध्ये निवृत्त झाला. आकाशातून येणारी बारीकशी कुजबुज ऐकणाऱ्या त्या थोरल्या तबकड्या, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या या माणसाला घरात एक गोष्ट दोनदा सांगावी लागायची — हे ती शीलाला, शेजारणीला, हसून सांगे, आणि सांगून झाल्यावर तिचं तिलाच कसंसं होई. तर तिथे कधीतरी परदेशातलं एक म्हातारं जोडपं आलं होतं, दोघंही शास्त्रज्ञ, त्यांनी जाताना त्याला एक फोटो दिला. उजाड माळ, त्यावर असलंच एक चाकांचं घर, छतावर सूर्याच्या पाट्या, आणि दारापुढे दोन खुर्च्यांवर ती दोघं. दोन वर्षं तो फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. डिंभ्याच्या पाण्याकाठी, माळशेजच्या अलीकडच्या पठारावर जाऊन चार-चार दिवस राहायचं, वर पाट्या, खाली बॅटरी, पाण्याची टाकी भरून न्यायची. "तार न्हाई तिथं जायचं," एवढंच तो म्हणे. का, ते म्हणत नसे.

तो घरात नसताना तिने तो फोटो पुष्कळदा पाहिला होता. माळ नाही, पाट्या नाहीत. त्या बाईचा पाय पाहिला होता. अनवाणी पाय, नवऱ्याच्या बुटावर सहज टाकलेला, आणि दोघांचंही तिकडे लक्ष नाही — दोघं आपली समोर बघून हसताहेत. लक्ष नाही याचंच तिला नवल वाटायचं. मेथी निवडायची राहून जायची.

म्हणजे मी कुणाच्या पायाचा हेवा करते आहे, या वयात... बावन्नाव्या वर्षी, दोन नातींची आजी. हसू आलं तिला तेव्हा. आता, या पत्र्याच्या खोलीत, कडीवर बोट ठेवून उभी असताना मात्र आलं नाही.

मुलाचं, रुपेशचं, लग्न ठरलं तेव्हा मागची खोली त्याला गेली, पलंगही गेला. तिनेच त्यावर नवी चादर घातली होती, कोपरे नीट खोचले होते. सून आली की सासूने अंथरूण स्वयंपाकघरात घालायचं आणि सासऱ्याने पुढच्या खोलीत, हे कुणी सांगत नाही, सगळ्यांच्या घरी तसंच असतं. ती स्वतः नवरी होऊन आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी, केशरबाईंनी, तेच केलं होतं, चुलीशेजारी गोधडी टाकली होती, आणि तेव्हा तिला ते दिसलंसुद्धा नव्हतं. आता केशरबाई नाहीत. असत्या तरी काय विचारलं असतं त्यांना?

स्वयंपाकघराला कडी नाही. माठ तिथे, धाकटीचं दूध तिथे, ज्याला जे हवं ते घ्यायला कुणी कधीही येणार. एकदा मात्र सगळी डिंगोऱ्याला लग्नाला गेली होती आणि भरदुपारी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला होता. चहा मागितला. चहा पिऊन झाला, कप खाली ठेवला, तरी उभाच. ती तांदूळ निवडत होती, खडा नसलेल्या तांदळात खडा शोधत होती. मग बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि तो, "दार उघडंच हाय व्हय," असं म्हणत पुढे निघून गेला. तो काय म्हणायला आला होता? की नुसता चहाच हवा होता? दोन वर्षं झाली त्याला, आणि तिच्या मनात अजून निकाल लागत नव्हता. त्याला माळावर ती हवी होती, की त्याला फक्त घर नको होतं — एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. विचारायची सोय नव्हती. कोणत्या शब्दांत विचारणार?

आणि आज मघाशी, अगदी मघाशी, तिला ते जवळजवळ कळलं होतं. ती अजून चपला काढत होती, तो आधी आत शिरला. या पहिल्या ट्रेलरमध्ये एकच रुंद पलंग होता, खिडकीला लागून. आधी त्याने स्विचबोर्ड पाहिला, वायरी पाहिल्या, ते त्याच्या हाडातच होतं. मग तो पलंगापाशी वाकला आणि त्याने गादी तळहाताने दाबून पाहिली, एकदा आणि परत एकदा, खिडकीकडच्या बाजूला. मागच्या खोलीत ती खिडकीकडेच निजायची. ती दारात उभी होती, त्याला दिसत नव्हती. तिला इतका आनंद झाला की तिने दाराची चौकट धरली.

"वहिनी, बगितलं का आतनं? या आता दुसरा बी बगा," गेणभाऊने हाक दिली.

ती उतरली. दुसऱ्या ट्रेलरचं दार उघडंच होतं. आत दोन अरुंद बर्थ, समोरासमोर, मध्ये जायला वाट.

"पैल्यात सायबाची फॅमिली ऱ्हायची, तवा तसला पलंग," गेणभाऊ सांगू लागला. चांगला माणूस, मनात काही नाही, फक्त तोंडाला फाटक नाही. तो हसला. "तुमाला काय करायचाय राव तसला? नाती खेळवायचं वय तुमचं. दोन येगळेच बरे."

जयवंतचे कान लाल झाले. साठ वर्षांच्या माणसाचे कान, पोरासारखे. तो खाली टायरकडे बघत राहिला, बुटाच्या टोकाने उगाच दाबून पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "येगळेच बरे. हिची कंबर बी दुखती."

तिची कंबर दुखत नव्हती. कधीच दुखली नव्हती.

मग तो तिच्याकडे वळला. तोंडाकडे नाही, खांद्याच्या आसपास कुठेतरी बघत म्हणाला, "अगं, तू सांग की. तुला कोणता बरा वाटतो?"

हा तो क्षण होता, आणि तो समोर आहे हे तिला कळत होतं. पैला, एवढाच एक शब्द. पण गेणभाऊ उभा होता, हातात पाना, चेहऱ्यावर अजून ते हसू. आजी झालेल्या बाईने परक्या माणसासमोर रुंद पलंगाकडे बोट दाखवायचं... उद्या फाट्यावर, परवा खोडदला, तेरवा कल्याणीच्या कानावर. आणि मग तिचाच आवाज तिने ऐकला, रोजचा, स्वयंपाकघरातला.

"मला काय कळतंय त्यातलं. तुमाला बरा वाटल तो घ्या."

त्याने मान हलवली. एखादं पत्र वाचून घडी घालावी तशी. "मंग ह्योच," तो म्हणाला, दोन बर्थच्या ट्रेलरकडे हात करत, आणि बोलणं पक्कं झालं.

पडद्याचं माप घेते, असं सांगून ती त्या दुसऱ्या ट्रेलरमध्ये एकटी चढली. खिडक्या दोन, प्रत्येकाला आपापली. मधल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागेल, खाली मेणबत्तीपुरती फळी आहे. पडद्याचं माप तिने घेतलंच नाही. खाली बसून अंगठा आणि करंगळी ताणली आणि दोन बर्थमधली वाट मोजली. एक वीत, दोन, आणि अर्धी. या दाराला कडी नव्हती, नुसती दोन भोकं होती.

तेवढ्यात बाहेरून जयवंतचा आवाज आला, दबका, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताचा.

"गेणभाऊ, तेवढी एक कडी बसवा दाराला. आतनं."

"तिथं माळावर कोन येतंय तुमच्याकं?"

"बसवा की. आसू द्या."

ती तशीच बसून राहिली.

परतीच्या वाटेवर नारायणगाव मागे पडल्यावर तो टाकीबद्दल बोलत होता, शंभर लिटरची की दीडशेची, आणि ती हं हं म्हणत होती. दूर शेतांच्या पलीकडे तबकड्या दिसू लागल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. सात वर्षं तिने त्याला मनातल्या मनात दोष दिला होता. त्याला नको आहे, त्याच्या लक्षात नाही, त्याला ऐकूच येत नाही. त्या दोषाची तिला सोबत झाली होती, हे आता कळत होतं. कारण आज त्याने विचारलं होतं. कान लाल झालेले असताना, वाकडंतिकडं का होईना, पण विचारलं होतं, आणि नाही म्हणाली होती ती. मग त्या दुपारी तांदळात खडे शोधणारी कोण होती? तिला रडू आलं नाही, पण इतकं एकटं तिला स्वयंपाकघरातही कधी वाटलं नव्हतं.

"दीडशेचीच घ्यावी," तो म्हणाला. "तुला पानी लागतं."

"हं."

त्याचा डावा हात गिअरवर होता. रस्ता खराब होता म्हणून तो तिथेच राहिला होता, नुसता, पालथा. तिने न बघता माप घेतलं. तिच्या मांडीवरच्या हातापासून त्या हातापर्यंत दीड वीत, फार तर. मोकळा रस्ता होता, गेणभाऊ नव्हता, कुणीच नव्हतं. तिने पदराखाली अंगठा आणि करंगळी ताणली, आणि तशीच ताणून धरली. खोडदची पाटी येईपर्यंत बोटांना कळ लागली होती.